कुजबुज ऐकण्याचे शास्त्र

उपग्रहांचा जमाना येण्यापूर्वी जहाजावरच्या रेडिओ खोलीत एक वेगळेच घड्याळ भिंतीवर असे. त्याच्या तबकडीवर दोन लाल पट्टे रंगवलेले असत. एक १५ ते १८ मिनिटांच्या दरम्यान, दुसरा ४५ ते ४८ मिनिटांच्या दरम्यान. मिनिटकाटा लाल पट्ट्यात शिरला की ऑपरेटरने ५०० किलोहर्ट्झवर संदेश पाठवणे थांबवायचे आणि कान देऊन फक्त ऐकायचे, असा आंतरराष्ट्रीय नियम होता. दूर कुठे एखादे जहाज बुडत असेल, त्याची बॅटरी संपत आली असेल, तर त्याची क्षीण हाक इतरांच्या गप्पांत हरवू नये, एवढाच त्यामागचा हेतू. दर तासाला दोनदा, तीन-तीन मिनिटे, समुद्रावरचे सगळे ऑपरेटर असे गप्प बसत. १ फेब्रुवारी १९९९ पासून जहाजांच्या सुरक्षेची नवी, उपग्रहांवर आधारलेली व्यवस्था पूर्णपणे लागू झाली आणि ही पद्धत मागे पडली.

त्या ५०० किलोहर्ट्झच्या अगदी शेजारी आज काही हौशी माणसे पुन्हा कान लावून बसली आहेत. ती बुडत्या जहाजांची नव्हे, एकमेकांची हाक ऐकतात. हाकही कशी, तर जेमतेम एक वॉटची. घरातला साधा एलईडी दिवा नऊ वॉटचा असतो, हे लक्षात घेतले की या प्रयोगांतली गंमत कळते. नागपूरच्या आकाशवाणीचा मध्यम लहरींवरचा महाप्रक्षेपक १००० किलोवॉटचा, म्हणजे दहा लाख वॉटचा. तिथे आवाज मोठा करून लांबवर पोहोचायचे. या हौशी प्रयोगांत आवाज वाढवायची सोयच नाही. सुधारायचे असेल तर ऐकणे सुधारावे लागते.

शंभर वर्षांनी परतलेले पाहुणे

हौशी रेडिओ, म्हणजे ज्याला 'हॅम रेडिओ' म्हणतात, तो परीक्षा देऊन, सरकारी परवाना घेऊन चालवायचा छंद आहे. १९१२ मध्ये 'टायटॅनिक' बुडाल्यानंतर अमेरिकेने रेडिओचा कायदा केला आणि हौशी मंडळींना २०० मीटरपेक्षा आखूड लहरींवर ढकलले. लांब लहरीच कामाच्या, आखूड लहरींचा उपयोग नाही, अशी त्या वेळची समजूत होती. ती चुकीची ठरली, आणि आखूड लहरींवरून जगभर बोलता येते हे दाखवण्यात हौशी मंडळींचाच मोठा वाटा होता.

लांब लहरींचे दार मात्र पुढे जवळपास शतकभर बहुतेकांना बंद राहिले. २००७ च्या जागतिक रेडिओ परिषदेने १३५.७ ते १३७.८ किलोहर्ट्झ हा चिंचोळा पट्टा आणि २०१२ च्या परिषदेने ४७२ ते ४७९ किलोहर्ट्झ हा पट्टा हौशी रेडिओसाठी दुय्यम वापराला मोकळा केला. दुय्यम म्हणजे मुख्य वापरकर्त्याला त्रास होता कामा नये. अँटेनातून बाहेर पडणाऱ्या शक्तीवर साधारण एक वॉटची मर्यादा आहे. ४७२ किलोहर्ट्झवर काही ठिकाणी पाच वॉटपर्यंत मुभा मिळते. प्रत्यक्ष परवानगी प्रत्येक देश आपल्या नियमांनुसार देतो. अमेरिकेत ती २०१७ मध्ये मिळाली. तिथे वीज कंपन्या उच्च दाबाच्या तारांवरून याच टापूतले नियंत्रण-संदेश पाठवतात, म्हणून अशा तारांपासून एक किलोमीटरचे अंतर राखण्याची अट घातली गेली.

दोन किलोमीटरची लहर, दहा मीटरची तार

१३७ किलोहर्ट्झची एक लहर सुमारे २,१९० मीटर लांब असते. अँटेना चांगली चालायची तर तिची उंची लहरीच्या पाव भागाइतकी, म्हणजे इथे साडेपाचशे मीटर हवी. घराच्या मागच्या अंगणात उभी राहते ती दहा मीटरची तार. अशी तोकडी अँटेना लहरीशी जुळवण्यासाठी प्लॅस्टिकच्या पाइपवर किंवा बादलीवर तांब्याच्या तारेची शेकडो वेटोळी गुंडाळून मोठी कॉइल करावी लागते.

एवढे करूनही शक्तीचा बहुतेक भाग जमिनीत आणि कॉइलमध्ये उष्णता होऊन वाया जातो. शंभर वॉट आत घातले, तर प्रत्यक्ष लहरी होऊन बाहेर पडते ती एका वॉटच्या शंभराव्या भागांत मोजावी अशी, तीन-चार शतांश वॉट एवढीच. म्हणून या पट्ट्यावर एक वॉटची मर्यादा गाठणे हेसुद्धा अनेकांना जमत नाही. पायाखालच्या मातीत किती ओल आहे, शेजारी झाडे किती आहेत, याने निकाल बदलतो. पाऊस पडून गेला की कॉइल पुन्हा जुळवावी लागते.

नोबेल विजेत्याची कुजबुज

इतका दुबळा संकेत हजारो किलोमीटरवर ऐकू कसा येतो? याचे एक उत्तर जो टेलर या अमेरिकी खगोलशास्त्रज्ञाने दिले. १९७४ मध्ये रसेल हल्स यांच्यासोबत त्यांनी जोडताऱ्यातला एक स्पंदक तारा, म्हणजे पल्सार, शोधला. त्यासाठी दोघांना १९९३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. टेलर लहानपणापासून हॅम. पल्सारचा एकेक ठोका गोंगाटात बुडालेला असतो, पण ठोके ठराविक अंतराने येतात. म्हणून शेकडो-हजारो ठोके एकावर एक रचले की आकार वर येतो. क्षीण संकेत उपसण्याचा हा सराव असलेल्या टेलर यांनी २००८ मध्ये हौशी मंडळींसाठी एक संगणक प्रणाली खुली केली. तिचे नाव 'व्हिस्पर', अर्थात कुजबुज.

व्हिस्परमध्ये गप्पा होत नाहीत. संदेशात तीनच गोष्टी असतात: पाठवणाऱ्याची कॉल साइन, त्याचे ढोबळ ठिकाण आणि त्याने वापरलेली शक्ती. दोन-चार शब्दांत मावेल एवढा हा मजकूर पाठवायला जवळपास १११ सेकंद लागतात. सम मिनिट सुरू झाले की पाठवणे सुरू होते, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या संगणकाला कधीपासून कधीपर्यंत ऐकायचे ते आधीच माहीत असते. संकेत जेमतेम सहा हर्ट्झ रुंदीत मावतो. बोलण्याच्या रेडिओला सुमारे अडीच हजार हर्ट्झ लागतात. खिडकी जितकी अरुंद तितकी बाहेरची खरखर कमी आत येते, इतका साधा हिशेब. शिवाय मजकुराचा प्रत्येक अंश अनेक ठिकाणी विखरून ठेवलेला असतो, म्हणजे मधले काही तुकडे हरवले तरी गणिताने पूर्ण संदेश जुळतो.

परिणाम असा, की अडीच हजार हर्ट्झच्या रुंदीत मोजलेली खरखर संकेतापेक्षा सहाशे पटीने जास्त असली, तरीही संगणक संदेश वाचू शकतो. त्या वेळी स्पीकरला कान लावला तर माणसाला फक्त खरखर ऐकू येईल. याच कुळातल्या नव्या पद्धतींमध्ये एकच संदेश अर्धा तास चालवता येतो. जितका वेळ जास्त, तितका दुबळा संकेत हाती लागतो. शक्तीची उणीव वेळेने भरून काढायची, हे या छंदाचे मुख्य सूत्र आहे.

तान्ह्या बाळाच्या कानाची परीक्षा

हे सूत्र रुग्णालयातही रोज वापरले जाते. तान्ह्या बाळाला ऐकू येते का, हे त्याला विचारता येत नाही. टाळी वाजवून पाहण्याची घरगुती रीत फसवी असते. बाळ टाळीच्या आवाजाने नव्हे, हाताच्या हालचालीने किंवा हवेच्या झोताने दचकलेले असू शकते. म्हणून 'बेरा' चाचणी करतात. बाळ झोपले की कपाळावर आणि कानामागे इलेक्ट्रोड लावतात आणि कानात बारीक 'टिक्' असा आवाज देतात. श्रवणाची नस आणि मेंदूचा खालचा भाग त्या आवाजाला पहिल्या दहा मिलिसेकंदांत विद्युत प्रतिसाद देतात. हा प्रतिसाद एका मायक्रोव्होल्टपेक्षाही लहान असतो. मेंदूची नेहमीची विद्युत हालचाल आणि स्नायूंचा गोंगाट त्याच्या कितीतरी पट मोठा असतो.

एका 'टिक्'नंतर कागदावर काहीच ओळखू येत नाही. म्हणून हजार-दोन हजार वेळा आवाज देऊन सगळ्या नोंदींची सरासरी काढतात. प्रतिसाद प्रत्येक वेळी त्याच जागी येतो, त्यामुळे तो टिकतो. गोंगाट कधी वर, कधी खाली असतो, त्यामुळे तो आपसात कटत जातो. चौपट नोंदी घेतल्या की गोंगाट निम्मा होतो, असे त्याचे गणित आहे. हळूहळू सपाट रेषेतून छोट्या टेकड्या वर येतात. जन्मजात बहिरेपण पहिल्या तीन महिन्यांत ओळखून सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू झाले, तर मूल बोलायला शिकण्याची शक्यता पुष्कळ वाढते. ही सगळी धडपड एका मायक्रोव्होल्टहून लहान कुजबुजीसाठी असते.

ऐकले, की ऐकावेसे वाटले?

गोंगाटातून संकेत उपसण्याच्या कामात एक मोठा धोका असतो. माणूस ज्याची वाट पाहत असतो, ते त्याला नसतानाही दिसू लागते. आकाशातल्या ढगांत हत्ती-घोडे दिसतात, तसेच आलेखातही दिसतात. बेरा करणारे तंत्रज्ञ म्हणून एकच चाचणी दोनदा करतात आणि दोन्ही आलेख एकावर एक ठेवून पाहतात. दोन्हींत टेकडी त्याच जागी आली तर ती खरी. आवाज बंद ठेवूनही एक नोंद घेता येते. तिच्यातही टेकडी दिसली, तर ती यंत्राची किंवा नजरेची फसवणूक.

चांगले रेडिओ प्रयोगकर्ते हेच करतात. व्हिस्परच्या संदेशात पडताळणीसाठी वेगळे अंक नसतात. त्यामुळे कधीकधी नुसत्या खरखरीतून संगणक अस्तित्वातच नसलेली कॉल साइन वाचून दाखवतो. एकदाच दिसलेली, अशक्य ठिकाणची नोंद जाणकार बाजूला ठेवतात आणि ती पुन्हा येते का हे पाहतात. नव्या पद्धतींमध्ये पडताळणीचे अंक मुद्दाम घातले आहेत. ट्रान्समीटर बंद असतानाही ऐकणाऱ्याचा संगणक 'संकेत' दाखवत असेल, तर तो प्रयोग रद्द. एखाद्या औषधाने गुण आला की तो आपोआप आला असता, हे तपासण्यासाठी वैद्यकशास्त्र जी शिस्त पाळते, तीच ही शिस्त.

रात्री लांबचे जवळ येते

मध्यम लहरींचे एक वैशिष्ट्य जुन्या श्रोत्यांना ठाऊक आहे. दिवसा फक्त जवळचे केंद्र लागते. रात्री जेवणे उरकल्यावर रेडिओचा काटा फिरवला की परप्रांतातली, परदेशातली केंद्रे ऐकू येतात. याचे कारण जमिनीपासून साधारण ६० ते ९० किलोमीटर उंचीवरच्या हवेच्या थरात आहे. दिवसा सूर्याच्या किरणांनी या थरातले अणू विद्युतभारित होतात आणि मध्यम लहरी शोषून घेतात. सूर्य मावळला की हा शोषणारा थर विरतो आणि लहरी त्याहून वरच्या थरावरून परावर्तित होऊन दूर जातात. त्या उंचीवर विमान पोहोचत नाही आणि उपग्रह इतके खाली टिकत नाहीत. त्यामुळे त्या थराची खबर घ्यायला रेडिओ लहरी फार उपयोगी पडतात. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात भारतीय भूचुंबकत्व संस्थेने याच उंचीवरचे वारे मोजण्यासाठी मध्यम लहरींचे रडार चालवले आहे. हौशी केंद्रांच्या रात्रंदिवस जमणाऱ्या नोंदींमधूनही सूर्यास्त, ऋतू आणि सौर वादळे यांचा परिणाम दिसून येतो.

विजांच्या राज्यात

काही जण याहूनही खाली, ९ किलोहर्ट्झच्या आत उतरले आहेत. ८.२७ किलोहर्ट्झची लहर ३६ किलोमीटर लांब, म्हणजे मुंबई-पुणे अंतरात अशा तीन-चारच लहरी मावतील. आकडे आवाजाच्या कंपनांसारखे दिसतात, पण हा आवाज नाही, या विद्युतचुंबकीय लहरीच आहेत. फायदा एवढाच, की त्या पकडायला महागडा रेडिओ लागत नाही. लांब तार, एक छोटा ॲम्प्लिफायर आणि संगणकाचे साउंड कार्ड पुरते. या पट्ट्यात अंगणातल्या अँटेनातून बाहेर पडणारी शक्ती मायक्रोवॉटमध्ये, म्हणजे वॉटच्या दहा लाखाव्या भागात मोजतात. दोन्हीकडची घड्याळे जीपीएसच्या वेळेशी बांधून तासन् तास नोंद घेतली की असे संकेतही अटलांटिक ओलांडून पोहोचल्याचे सिद्ध झाले आहे.

या टापूत मुख्य गोंगाट असतो तो विजांचा. पृथ्वीवर दर सेकंदाला सरासरी ४० ते ५० विजा चमकतात आणि त्यांची खरखर जमीन व आयनांबर यांच्यामधल्या पोकळीतून जगभर फिरते. याच पोकळीचा वापर मोठी केंद्रेही करतात. स्वीडनमधल्या ग्रिमेटन इथले १७.२ किलोहर्ट्झचे केंद्र १९२४ पासूनचे. २००४ मध्ये ते जागतिक वारसा ठरले, आणि त्याचे अवाढव्य जनित्र आजही वर्षातून काही वेळा सुरू केले जाते. तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ भारतीय नौदलाचे आयएनएस कट्टबोम्मन हे केंद्र आहे. या लहरी समुद्राच्या पाण्यात काही मीटर खोल शिरतात, म्हणून पाणबुड्यांना संदेश देण्यासाठी त्या वापरतात.

चार्जरचा गोंगाट

विजांशी जुळवून घेता येते. शेजारच्या चार्जरशी घेता येत नाही. मोबाइलचे चार्जर, एलईडी दिवे, सोलरचे इन्व्हर्टर यांच्या आतला स्विच सेकंदाला हजारो ते लाखो वेळा उघडझाप करतो. त्याची धडधड नेमकी १३७ किलोहर्ट्झच्या आसपास आणि तिच्या पटींत पसरते. अनेक इलेक्ट्रॉनिक उपकरणांसाठी तारेतून बाहेर पडणाऱ्या गोंगाटाची आंतरराष्ट्रीय मर्यादा १५० किलोहर्ट्झपासून वर सुरू होते. त्याखाली मोकळे रान. स्वस्त मालात गोंगाट अडवणारे भाग गाळलेलेच असतात. हाच गोंगाट ईसीजीच्या कागदावर आणि बेराच्या खोलीतही उतरतो. तिथे ट्यूबलाइट बंद करून, मोबाइल बाहेर ठेवून आणि अर्थिंग नीट करून चाचणी करावी लागते.

मुंबईने हा धडा फार पूर्वी घेतला आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत असत. शहरात विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार असे ठरले, तेव्हा त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडतील हे ओळखून १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली. काही काळ दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेऊन मग काम तिकडे हलवले. ट्राम कधीच इतिहासजमा झाल्या. अलिबागच्या नोंदी चालू आहेत. शांत जागा आधीच राखून ठेवल्याचा तो फायदा.

शक्ती कमी, धोका कमी नाही

'एक वॉट' हा आकडा ऐकून कोणी निर्धास्त होऊ नये. एक वॉट बाहेर जातो तो दूरच्या हवेत. खुद्द तारेवर परिस्थिती वेगळी असते. १३७ किलोहर्ट्झवर दहा मीटरच्या अँटेनात एक अँपिअर प्रवाह गेला, तरी तारेवर हजारो व्होल्टचा दाब येतो. चुकून हात लागला तर होणारी भाजण वरून टिकलीएवढी दिसते, पण आत खोल जाते आणि भरायला वेळ घेते. तार आणि कॉइल मुलांच्या, पाळीव प्राण्यांच्या आवाक्याबाहेर असली पाहिजे. पेसमेकर असलेल्यांनी चालू ट्रान्समीटरच्या कॉइलजवळ किंवा अँटेनाजवळ थांबू नये, आणि असा छंद घरात असेल तर आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना जरूर विचारावे.

कर्करोगाची भीती अनेकांना वाटते. या लहरींमध्ये अणूंचे बंध तोडण्याइतकी ऊर्जा नसते. त्यांचे ज्ञात परिणाम म्हणजे नसा उत्तेजित होणे आणि ऊतक तापणे, आणि तेही अँटेनाला अगदी खेटून असताना, जोरदार शक्ती असेल तरच.

खरा धोका असतो तो विजेच्या तारांचा आणि आकाशातल्या विजेचा. काही प्रयोगकर्ते उंची मिळवण्यासाठी पतंगाला धातूची तार बांधतात. महावितरणच्या तारा जवळ असतील, किंवा आभाळ भरून आलेले असेल, तर हे जिवावर बेतू शकते. गडगडाट ऐकू येण्याआधीच अँटेना यंत्रापासून सोडवून ती अर्थिंगला जोडलेली असली पाहिजे आणि माणसाने तिच्यापासून दूर व्हायला हवे. कोणाला धक्का बसलाच, तर आधी मुख्य स्विच बंद करावा, मगच त्या व्यक्तीला हात लावावा. श्वास थांबला असेल तर छाती दाबण्याचा प्रथमोपचार लगेच सुरू करून १०८ ला फोन करावा. लहरी सोडण्यासाठी दूरसंचार विभागाचा परवाना घ्यावा लागतो आणि कोणत्या पट्ट्यावर किती शक्ती चालते, हे त्या परवान्यात पाहावे लागते.

यातले काहीही न करता एक सोपी तपासणी घरी जमते. कपाटातला जुना ट्रान्झिस्टर काढावा, मीडियम वेव्हवर दोन केंद्रांच्या मधल्या रिकाम्या जागी लावावा आणि तो हातात घेऊन घरभर फिरावे. कोणता चार्जर, कोणता दिवा सर्वांत जास्त ओरडतो ते लगेच कळेल. ओरडणारा चार्जर काम नसताना प्लगमधून काढून ठेवावा आणि पुढच्या वेळी खरेदी करताना दहा-वीस रुपयांसाठी हलका माल घेऊ नये. त्याने वीजही थोडी वाचेल, आणि भिंतीपलीकडे कोणी कुजबुज ऐकत बसले असेल, तर त्याला तीन मिनिटांची शांतता मिळेल.